अचूक आणि खरे

नकाशा खोटे बोलतो का, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, "चुकला असेल तर." मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला टॉलेमी घ्या. प्रवाशांनी आणि खलाशांनी सांगितलेल्या अंतरांवर भिस्त ठेवून त्याने भारताचे जे रूप उभे केले, त्यात आपले द्वीपकल्प जवळजवळ नाहीसे झाले आणि सिंहलद्वीप अवाढव्य झाले. चूक मोठीच, पण तिच्यात कुणाला फसवण्याचा हेतू नव्हता.

उलट 1538 साली गोव्याहून दीवकडे निघालेल्या आरमाराबरोबर जुआंव द कास्त्रो होता. त्याने वाटेतली बंदरे रेखाटली. त्यांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळही आहे. खाडीत कसे शिरावे, पाणी किती खोल, या त्याच्या नोंदी कसलेल्या दर्यावर्दीच्या आहेत. तीसच वर्षांपूर्वी, 1508 च्या अखेरीस, पोर्तुगीजांनी हेच दाभोळ जाळले होते. खोलीचा आकडा तांदळाच्या गलबताला आणि तोफांच्या जहाजाला सारखाच उपयोगी. त्याचा उपयोग कोण करणार, हे मात्र आरमाराने आधीच ठरवलेले असते.

पुढे 1802 साली मद्रासेस लॅम्बटनने त्रिकोणांची मोजणी आरंभिली. त्याच शतकात जमीनमोजणीची साखळी गावोगाव आली. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तो गुंठा. बांधाबांधाला आकडा मिळाला. आता 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांवरून ड्रोन फिरतो. याची थट्टा मी करणार नाही. ज्याच्या घराला कागदच नव्हता, त्याच्या हाती मिळकत पत्रिका येते, हे मोठे काम आहे. मोघमपणाचा फायदा नेहमी बळिष्ठच उठवतो. दुबळ्याला अचूकपणा हवाच असतो.

परंतु वरून छप्पर दिसते, वहिवाट दिसत नाही. आमच्याकडची पाखाडी कुणाच्या आगराला लागून, कुणाच्या अंगणाच्या कडेने उतरते. तिच्यावरून विहिरीला जाण्याचा हक्क गडग्यावर लिहिलेला नसतो. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांत असतो. म्हणून ड्रोन उडण्यापूर्वी चुन्याच्या रेघा आखताना शेजाऱ्याला हाक मारणे, हा मला केवळ शिष्टाचार वाटत नाही. तो मोजणीचाच भाग आहे.

टॉलेमीशी कोणताही नाखवा वाद घालू शकला असता. उपग्रहाशी कोण घालील? नकाशा जितका अचूक, तितके त्याच्यातून सुटलेल्या माणसाचे म्हणणे कुणी ऐकेनासे होते. म्हणून अचूकपणाबरोबर नकाशा करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. रेघ बरोबर आली, एवढ्याने त्याचे काम संपत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारले का, हेही त्याला सांगता आले पाहिजे.