नाण्यावरचा चेहरा

मनुष्याच्या दृष्टीस दिवसभरांत जीं चित्रें पडतात, त्यांतील बहुतेक त्याला नाकारतां येतात. भिंतीवरची तसबीर उतरवितां येते, पुस्तकाचें पान उलटतां येतें, चौकांतला पुतळा आवडत नसेल तर दुसऱ्या गल्लीनें घरीं जातां येतें. नाण्याची गोष्ट निराळी आहे. दुकानदारानें मोड म्हणून हातावर ठेविलेलें नाणें, त्यावरील चेहरा आपल्या मनास येत नाहीं एवढ्यासाठीं कोणी परत करीत नाहीं. करूं गेल्यास हंसें मात्र होईल. म्हणून राज्यानें नाण्यावर कोणाची मुद्रा उठवावी हा प्रश्न केवळ टांकसाळींतल्या कारागिरांचा नव्हे. जी मुद्रा नाकारण्याची सोय कोणास नाहीं, ती सर्वांच्या नांवानें उठविलेली असते. आणि सर्वांच्या नांवानें बोलण्याचा अधिकार कोणास व केव्हां पोंचतो, हा नीतिशास्त्रांतला जुना प्रश्न तेथें धातूचें रूप घेऊन उभा राहतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा वाद सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि एक डॉलरचें नाणें हें त्याचें आवडतें रणांगण आहे. १७९२ सालीं तेथें टांकसाळीचा कायदा व्हावयाचा होता. सिनेटनें पाठविलेल्या मसुद्यांत अशी योजना होती कीं, नाण्याच्या दर्शनी बाजूवर त्या त्या वेळीं अधिकारारूढ असलेल्या अध्यक्षाचें मस्तक असावें. अध्यक्ष तेव्हां वॉशिंग्टन होते; त्यांच्याविषयीं लोकांच्या मनांत केवढा आदर होता हें सांगणें नको. तरीहि प्रतिनिधिगृहांत व्हर्जिनियाचे जॉन पेज उठले आणि त्यांनीं योजनेस कसून विरोध केला. नाण्यावर मस्तक पाडणें ही राजेलोकांची चाल आहे, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा असा कीं, आजच्या थोर पुरुषाचें मस्तक पाहून लोकांस कितीहि समाधान वाटलें, तरी त्याच्या मागून येणाऱ्यांपैकीं कांहींचीं मस्तकें पाहून तसें वाटेलच असें नाहीं. हा दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यांत माणसाविषयीं कटुता नसून काळाविषयीं सावधपणा आहे. उलट पक्षानें न्यू हॅम्पशायरचे लिव्हरमोर यांनीं थट्टा आरंभिली. अध्यक्षाचें मस्तक निदान ओळखूं तरी येईल. स्वातंत्र्याची आकृति कशी असते तें कोणी पाहिलें आहे? एका भुतानें म्हणे ढोलाच्या आवाजाचें रूप घेतलें होतें, तसलाच हा प्रकार असावयाचा! थट्टा चांगली होती, परंतु मत पेज यांच्या बाजूनें पडलें, आणि २ एप्रिल १७९२ च्या कायद्यानें अध्यक्षाच्या मस्तकाच्या जागीं स्वातंत्र्याचें निदर्शक चित्र आलें.

आपल्याकडील वाचकांस यांतील मर्म समजावून द्यावयास नको. ज्या इंग्रजी राजमस्तकाचा वारसा त्या प्रतिनिधींनीं झिडकारला, तोच आमच्या रुपयावर १८३५ पासून १९४७ पर्यंत नांदला. आणि सिंहासनावरचा माणूस बदलला कीं आमच्या खिशांतला चेहराहि आम्हांस न विचारतां बदलत असे.

पेज यांची पिढी रोमच्या इतिहासावर पोसलेली होती. इ. स. पूर्व ४४ च्या आरंभीं रोमच्या टांकसाळींतून सीझरचें मस्तक असलेलें नाणें बाहेर पडलें. हयात रोमन पुरुषाला तेथें हा मान पहिल्यानेंच मिळाला. त्याच वर्षीं मार्चमध्यें त्याचा वध झाला. येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते. पुढची मात्र कमी सांगितली जाते. सीझरवर शस्त्र धरणाऱ्या ब्रूटसनें एकदोन वर्षांतच आपल्या फौजेसाठीं नाणें पाडलें. त्याच्या एका बाजूस दोन खंजीर व त्यांच्यामध्यें दास्यमुक्तीची टोपी होती, आणि दुसऱ्या बाजूस ब्रूटसचें स्वतःचें मस्तक होतें. स्वातंत्र्यासाठीं रक्त सांडणाऱ्याच्या हातींहि टांकसाळ आली कीं काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

असें असलें तरी, व्यक्तीऐवजीं तत्त्वाची मूर्ति बसविली म्हणजे सर्व दोष फिटले असें समजणें भोळेपणाचें होईल. १७९४ पासून १९३५ पर्यंत चलनासाठीं जे जे डॉलर पडले, त्या सर्वांवर स्वातंत्र्यदेवता म्हणून एक स्त्री आहे. कधीं तिचे केस मोकळे आहेत, कधीं ती खडकावर ढाल टेकून बसली आहे, कधीं तिच्या मस्तकावर किरणांचा मुगूट आहे. ज्या देशांत हें नाणें देऊन माणसें विकत घेतलीं जात, त्याच देशाच्या नाण्यावर 'स्वातंत्र्य' हा शब्द कोरलेला होता. आणि ज्या स्त्रीजातीच्या रूपानें तें स्वातंत्र्य दाखविलें जाई, तिला त्या राष्ट्राच्या घटनेनें मताचा अधिकार दिला तो १९२० सालीं. सव्वाशें वर्षें स्त्री नाण्यावर होती आणि मतपेटीपाशीं नव्हती! लिव्हरमोर यांनीं ज्याची भूत म्हणून थट्टा केली होती, तें खरोखरच कांहीं अंशीं भूत होतें. मूर्ति कोणाचीच नसली म्हणजे तिच्याबद्दल जाब कोणीच देत नाहीं, ही अमूर्ताची मोठी सोय आहे.

शिवाय चिन्हाचा अर्थ लावण्याचा अधिकार चिन्ह कोरणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ सालीं, शांततेचा डॉलर पाडावयाचें ठरलें. शिल्पकार अँथनी दी फ्रान्सिशी यांनीं इटलींतून लहानपणीं आलेल्या आपल्या पत्नीला समोर बसवून स्वातंत्र्यदेवतेचें मुख घडविलें, आणि मागील बाजूच्या गरुडाच्या पायांखालीं मोडकी तरवार दाखविली. युद्ध संपलें, शस्त्राचें काम उरलें नाहीं, असा त्यांचा भाव. पण बातमी फुटतांच लोकांनीं ओरड केली कीं, मोडकी तरवार ही पराभूताची खूण आहे. आमचे सैनिक हरून आले काय? ऐन डिसेंबरांत टांकसाळींतील वृद्ध कोरक जॉर्ज मॉर्गन यांनीं ठशावरील तरवार मोठ्या कौशल्यानें नाहींशी केली. गरुडापाशीं ऑलिव्हची डहाळी तेवढी राहिली.

पुढें १९७८ सालीं लहान आकाराचा डॉलर काढावयाचें ठरलें, तेव्हां टांकसाळीचे प्रमुख कोरक फ्रँक गॅस्पारो यांनीं पुन्हां मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवताच तयार ठेविली होती. चित्र सुंदर होतें. परंतु काँग्रेसनें तें बाजूस सारलें आणि सुसान बी. अँथनी या स्त्रियांच्या मताधिकारासाठीं आयुष्य वेंचलेल्या बाईंचें मुख नाण्यावर घालण्याचा कायदा केला. अध्यक्ष कार्टर यांनीं त्यावर सही केली. कलेच्या दृष्टीनें हा निर्णय वाईट होता असें म्हणणारे तेव्हांहि होते. मला मात्र त्यांत एक जुनें देणें फेडल्यासारखें वाटतें. इतकीं वर्षें स्त्रीचें रूप वापरून घेतलेल्या नाण्यानें अखेर एका खऱ्या स्त्रीचें नांव घेतलें. या अँथनीबाईंनीं १८७२ सालीं कायदा मोडून मत दिलें, त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि १८७३ सालीं न्यायाधीशानें त्यांना शंभर डॉलर दंड केला. तो त्यांनीं कधींच भरला नाहीं. ज्या बाईनें सरकारास एक डॉलरहि देण्याचें नाकारलें, तिचें मुख सरकारनें आपल्या डॉलरवर घातलें, यांत सरकारचा पराभव असेल. पण असा पराभव पत्करणारें राष्ट्र मला तरी आदरणीय वाटतें.

व्यवहारांत मात्र तें नाणें चाललें नाहीं. त्याचा व्यास साडेसव्वीस मिलिमीटर, पाव डॉलरचा चोवीसाहून थोडा अधिक, रंग एकच. लोक एका नाण्याच्या जागीं दुसरें देऊं लागले आणि चिडले. कोट्यवधि नाणीं तिजोऱ्यांत पडून राहिलीं. विचाराच्या युद्धांत जिंकलेल्या बाई दोन मिलिमीटरांच्या हिशेबांत हरल्या.

पुढचा डॉलर २००० सालचा. रंग सोनेरी, कड गुळगुळीत, म्हणजे मागची चूक आतां व्हावयाची नव्हती. चेहरा कोणाचा, यासाठीं १९९८ सालीं फिलाडेल्फियांत एक समिति बसली व तिनें शोशोनी जमातीच्या साकागाविया हिची शिफारस केली. लुइस आणि क्लार्क यांच्या १८०४ ते १८०६ च्या पश्चिमेकडील सफरींत ही तरुणी तान्हें मूल पाठीशीं बांधून त्यांच्याबरोबर गेली होती. काँग्रेसमधील कॅसल यांना स्वातंत्र्यदेवीचा पुतळाच हवा होता. व्यक्ति कीं तत्त्व, हा १७९२ चा तंटा पुनश्च निघाला. पण येथें एक विलक्षण अडचण होती. साकागावियाचें तिच्या हयातींत काढलेलें एकहि चित्र उपलब्ध नाहीं. तेव्हां ग्लेना गुडेकर या शिल्पकार बाईंनीं त्याच जमातीच्या एका विद्यार्थिनीस समोर बसवून मुख घडविलें. व्यक्ति खरी, नांव खरें, चेहरा दुसऱ्या कोणाचा! कांहींजण यास लबाडी म्हणतील. मला हें नाणें सर्व डॉलरांत अधिक प्रामाणिक वाटतें. खांद्यावरून मागें वळून पाहणारी ती मुलगी कोणी सत्ताधारी नव्हे, कोणत्या पक्षाची नव्हे, आणि आपलें चित्र निघावें अशी इच्छा करण्याइतकी फुरसतहि तिला नव्हती. सफर संपल्यावर तिच्या नवऱ्यास, दुभाष्या म्हणून, पांचशें डॉलरांहून थोडा अधिक मोबदला आणि जमीन मिळाली. तिला स्वतःला कांहीं मिळालें नाहीं. एकीनें डॉलर दिला नाहीं, दुसरीला तो मिळाला नाहीं, आणि दोघींचींहि मुखें त्याच नाण्यावर आलीं. हा योगायोग खरा. पण सन्मान आणि सत्ता यांच्यांतलें अंतर त्यानें चांगलें मोजलें जातें.

२००५ च्या कायद्यानें सर्व अध्यक्षांस अनुक्रमानें नाणें देण्याचें ठरविलें. यांत निवडीचा प्रश्नच नव्हता. चांगला, वाईट, विसरलेला, महाभियोग झालेला, ज्याची पाळी तो नाण्यावर. दोन वेळां वेगवेगळा अधिकार भोगला म्हणून क्लीव्हलँड यांस दोन नाणीं मिळालीं. पाळीनें मिळणारा मान म्हणजे शाळेंतल्या हजेरीसारखा. लोकांनींहि तो तसाच घेतला, आणि २०११ च्या अखेरीस सुमारें १४० कोटि डॉलरनाणीं मध्यवर्ती पेढ्यांच्या तळघरांत सांचल्यावर सरकारनें चलनासाठीं तीं पाडणें थांबविलें. पण या कायद्यांत एक अट होती ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मृत्यूला दोन वर्षें झाल्यावांचून कोणाचेंहि नाणें निघावयाचें नाहीं.

ही अट आकाशांतून पडली नव्हती. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळांत चलनी कागदाच्या खात्यावरील स्पेन्सर क्लार्क या अधिकाऱ्यानें पांच सेंटांच्या नोटेवर आपलेंच चित्र छापवून घेतलें. काँग्रेस संतापली, आणि १८६६ सालीं नोटांवर व रोख्यांवर हयात व्यक्तीचें चित्र घालण्यास बंदी झाली. नाण्यांचा उल्लेख त्या कलमांत नव्हता. १९२६ सालीं अध्यक्ष कूलिज अधिकारावर असतांनाच त्यांचें मुख वॉशिंग्टन यांच्या मुखाबरोबर एका स्मारक अर्ध्या डॉलरवर आलें. पण तें नाणें ज्याला हवें त्यानें जादा किंमत देऊन विकत घ्यावयाचें होतें. दहा लाखांवर पाडलीं, आठ लाखांहून अधिक परत वितळविलीं. घेणाऱ्यास निवड होती, आणि त्यानें ती केली.

म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरांत, स्वातंत्र्याच्या अडीचशेंव्या वर्षासाठीं एक डॉलरच्या नाण्याचे जे कच्चे मसुदे कोषाधिकारी ब्रँडन बीच यांनीं खरे असल्याचें सांगितलें, त्यांनीं एवढी खळबळ कां उडविली हें समजणें कठीण नाहीं. दर्शनी बाजूवर अधिकारारूढ अध्यक्ष ट्रंप यांचें मुख. मागील बाजूवर मूठ उगारलेले तेच, आणि 'लढा' हा शब्द तीन वेळां. २०२६ सालच्या नाण्यांच्या मागील बाजूवर हयात व्यक्तीचें चित्र नसावें असें सांगणाऱ्या कायद्यावर २०२१ च्या जानेवारींत सही झाली होती, आणि ती ट्रंप यांचीच होती. कायद्याच्या शब्दांचा कीस काढणें मी कायदेपंडितांवर सोंपवितों. समर्थकांचें म्हणणें मात्र ऐकलें पाहिजे. तो शब्द २०२४ च्या जुलैमध्यें पेन्सिल्व्हेनियांत गोळी कानाला चाटून गेल्यावर उच्चारलेला आहे. त्यांत धैर्य आहे, आणि लोकांनीं त्या धैर्यास मत दिलें. हें सर्व खरें मानूं. तरी मत देणें आणि मुद्रा स्वीकारणें या दोन गोष्टी एक नव्हेत. मत ठराविक मुदतीसाठीं असतें आणि ज्यानें तें दिलें नाहीं त्याला विरोधाचा हक्क उरतो. नाण्यापाशीं तो हक्क कोठें बजावावयाचा? ज्याच्या विरुद्ध त्यानें काल भाषण केलें, त्याचेंच मुख आज त्याच्या मुलीच्या हातावर खाऊला म्हणून ठेवावयाचें. आणि 'लढा' म्हणजे कोणाशीं? शेजाऱ्याशींच ना? माणूस ट्रंप यांच्याऐवजीं वॉशिंग्टन असता तरी माझें मत बदललें नसतें. १७९२ सालीं माणूस वॉशिंग्टनच होता.

दोन वर्षांची अट कशी पाळली गेली तें २०१६ सालीं दिसलें. अध्यक्षमालेंतील शेवटचीं नाणीं त्या वर्षीं निघालीं. निक्सन, त्यानंतर फोर्ड, आणि फोर्डनंतर एकदम रेगन. मध्यें कार्टर यांची पाळी होती, पण ते जिवंत होते, सबब त्यांना वगळून माला संपली. पुढें थोरल्या बुशांसाठीं २०२० सालीं वेगळा कायदा करावा लागला. कार्टर २०२४ च्या डिसेंबरांत, वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून, वारले.