आवाज गेले, पुढे काय?

मानसोपचाराच्या ओपीडीत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. आवाज ऐकू येतात का? कुणी पाळत ठेवतंय असं वाटतं का? झोप लागते का? उत्तरं बरी आली की गोळ्या पुढे चालू. घरच्यांना सतावणारा प्रश्न वेगळाच असतो: भास गेले, संशय गेला, मग हा कामाला का लागत नाही? घरात या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'आळस' असं असतं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मायकेल ग्रीन यांनी हाच प्रश्न संशोधनाचा विषय केला. १९९६ साली त्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. रुग्ण चारचौघांत कसा वावरतो, नवं काही शिकू शकतो का, याचा संबंध शाब्दिक स्मरणशक्तीशी पुन्हा पुन्हा दिसत होता. भास आणि भ्रम यांच्या तीव्रतेशी मात्र तसा संबंध सापडला नाही. म्हणजे ओपीडीतले प्रश्न आजाराच्या एका बाजूचे होते, आणि माणसाचं रोजचं जगणं दुसऱ्याच बाजूवर अवलंबून होतं.

पुढे ग्रीन यांच्या सहभागाने 'मॅट्रिक्स' या अमेरिकी उपक्रमातून ७ क्षमता मोजणाऱ्या १० चाचण्यांचा संच तयार झाला. त्यातली एक अगदी साधी दिसते. कागदाच्या वरच्या ओळीत ९ चिन्हं आणि प्रत्येकाखाली एक आकडा. खाली नुसती चिन्हं. प्रत्येकाचा आकडा भरायचा, वेळ ९० सेकंद. चूक फारशी होत नाही, पण रुग्णाचे बरेच रकाने रिकामेच राहतात. नजर वर जाते, आकडा शोधते, खाली येते, पुन्हा खात्री करायला वर जाते. दुकानात तीन गिऱ्हाइकं एकदम बोलू लागली की गल्ल्यावर बसलेल्या या माणसाचं काय होत असेल, ते इथे दिसतं. त्याला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे.

यात नवं काय, असं कुणी विचारेल. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला अकाली बुद्धिऱ्हास म्हटलंच होतं. पण १९५२ नंतर क्लोरप्रोमॅझिन आलं, ते भास-भ्रमांवर चाललं, आणि जे औषधाने कमी होतं तोच आजार, अशी समजूत रुजली. क्रेपेलिन यांचं निदानही पुरतं खरं नव्हतं. इस्राएलमध्ये सैन्यभरतीच्या चाचण्यांत कमी गुण मिळालेल्या काही तरुणांना पुढे हा आजार झाला. उणीव आधीपासून होती. शिवाय बहुतेकांत ती वर्षागणिक वाढत जात नाही. हा फरक मोठा आहे, कारण सतत ढासळत जाणाऱ्या माणसाला शिकवण्यात कुणाला रस नसतो.

एका बाबतीत मात्र मी सावध आहे. चाचणीचा आकडा म्हणजे माणूस नव्हे. चौथीपर्यंत शिकलेल्या, पेन्सिल क्वचितच हातात धरलेल्या शेतमजुराचा वेग कागदावर मोजला तर तो कमीच भरणार. 'याला जमणार नाही' असं सांगून काम नाकारायला हे आकडे वापरले गेले, तर संशोधन उलटं फिरलं म्हणायचं.

या उणिवांवर औषध शोधण्याचे प्रयत्न बरेच झाले, मोठ्या चाचण्यांत ते टिकले नाहीत. त्यामानाने सराव बरा. लंडनच्या टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ४० अभ्यासांचा आढावा घेतला. स्मरण आणि लक्ष यांच्या प्रशिक्षणाने मध्यम, पण टिकणारा फायदा दिसला. पुनर्वसनाची जोड असेल तर रोजच्या व्यवहारातही तो उतरला. नुसते संगणकावरचे खेळ पुरत नाहीत. आपल्याकडे गोवा, सातारा आणि तमिळनाडूत झालेल्या, २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णांच्या घरी गेले. फायदा माफकच होता, पण तो लक्षणांबरोबर रोजच्या अडचणींतही होता.

आणखी एक गोष्ट तर आजच करता येईल. भास-भ्रमांवरच्या औषधांमुळे येणारा अंगाचा ताठरपणा किंवा हातांची थरथर कमी व्हावी म्हणून अनेकांना ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी दिली जाते. या जातीची औषधं स्मरणशक्ती मंदावतात. २०२१ सालच्या, हजाराहून अधिक रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासातही अशा औषधांचा एकूण भार जास्त तिथे चाचण्यांतले गुण कमी दिसले. मूळ औषध बदललं, मात्रा उतरली, तरी ही गोळी चिठ्ठीवर तशीच राहू शकते. ती परस्पर बंद करायची नाही. पण पुढच्या फेरीला 'आवाज येतात का' याचं उत्तर देऊन झालं, की ही गोळी अजून लागते का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावं.