झुडपाखाली निजलेला संदेष्टा



उपासनेच्या ब वर्षात सामान्य काळाच्या एकोणिसाव्या रविवारी ख्रिस्तसभा आपल्यापुढे तीन वाचने ठेवते. राजांच्या पहिल्या पुस्तकातील थकून गेलेला एलिया, संत पौलाने इफिसकरांस मनातील कडवटपणा टाकून देण्याविषयी केलेला बोध आणि योहानकृत शुभवर्तमानातील स्वर्गातून उतरलेली भाकर. ही तीन वाचने एकत्र वाचली की त्यांत आपल्या रोजच्या कामधंद्याविषयी मोठी शिकवण दडलेली दिसते. म्हणून या आठवड्यात आपण त्यांवर मनन करू या.

आपले लासूर स्टेशन हे कष्टकऱ्यांचे गाव. कोणी मोंढ्यात हमाली करतो, कोणी कांद्याच्या वखारीवर निवडायला जाते, कोणी वाळूजच्या कारखान्यात पाळीने जातो, कोणी दुसऱ्याच्या रानात रोजाने कापूस वेचते. कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी अंगणवाडीत आहे. संध्याकाळी माणूस घरी आला की आपण विचारतो, "आज काय भाव निघाला? रोज किती पडला? पगार झाला का?" हे विचारलेच पाहिजे, कारण चूल त्यावरच पेटते. पण "आज तुझे मन कसे आहे?" हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

देवाने मात्र एलियाची अशी चौकशी केली.

एलिया का खचला?

कर्मेल डोंगरावर एलियाने बआलाच्या संदेष्ट्यांसमोर एकट्याने उभे राहून देवाची साक्ष दिली. त्याच्या सेवाकार्यातील हा सर्वात मोठा विजय होता. त्यानंतर लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हा धाडसी माणूस जीव घेऊन पळत सुटला. बैर-शेबा येथे त्याने आपल्या सेवकालाही मागे ठेवले आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला. तेथे रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले आणि तो झोपी गेला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेऊ या. पहिली ही की एलिया आळशी नव्हता आणि त्याची श्रद्धाही कमी नव्हती. ज्याच्या प्रार्थनेने पाऊस पडला तोच माणूस आता उठायला तयार नाही. काम करणारा, जबाबदारीचा माणूसच पुष्कळदा असा आतून रिकामा होतो. दुसरी गोष्ट, झुडपाखाली आडवा होण्याआधी त्याने सोबत्याला दूर केले होते. मन खचू लागले की माणूस प्रथम माणसे तोडतो. मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर येणे बंद होते, फोन उचलणे बंद होते, रविवारच्या मिस्सालाही तो मागच्या बाकावर बसून शेवटच्या आशीर्वादाआधी निघून जातो. आपण म्हणतो, "शिष्ट झाला, कामचुकार झाला." त्याच्या मनात काय चालले आहे हे कोणाला ठाऊक नसते.

आता देवाने काय केले ते पाहा. देवदूत आला, पण त्याने उपदेश केला नाही. रागावलाही नाही. त्याने एलियाला स्पर्श केला आणि तापल्या दगडांवर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवला. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिले. मग तो दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवू घातले आणि पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे हे त्याने मान्य केले. त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस चालून होरेब पर्वतापर्यंत गेला.

स्पर्श, भाकर, पाणी आणि झोप. खचलेल्या माणसाला देवाने दिलेले हे पहिले औषध. शब्द नंतर आले.

कडवटपणा कामाच्या ठिकाणी

संत पौल इफिसकरांना सांगतो की कडवटपणा, संताप, आरडाओरडा, निंदा आणि दुष्टावा आपल्यातून काढून टाका आणि एकमेकांशी दयेने, कनवाळूपणे वागा. आपण हे घरासाठी आहे असे समजतो. पण आपले दिवसाचे आठ-दहा तास तर कामावर जातात. तेथे मुकादम चारचौघांत शिवी देतो. सुपरवायझर दुसऱ्याची चूक नव्या पोरावर ढकलतो. कोणी जातीवरून टोमणा मारतो, कोणी धर्मावरून. कोणी मागे चुगली करतो. हे रोज सोसणाऱ्या माणसाचे हात कामावर असतात, मन मात्र दिवसभर त्या शब्दाभोवती फिरत राहते. मग चूक होते, यंत्रावर बोट सापडते, सुट्या पडतात.

आपल्या प्रभूनेही हे सोसले. योहानाच्या त्याच अध्यायात लोक कुरकुर करतात: हा तर योसेफाचा मुलगा, याचे आईबाप आम्हांला ठाऊक आहेत. सुताराच्या पोराने एवढे बोलावे हे त्यांना रुचले नाही. माणसाची किंमत त्याच्या बापाच्या धंद्यावरून ठरवण्याची ही वृत्ती जुनी आहे, आणि आपल्यातीलही काही जण हाताखालच्या माणसाशी बोलताना तिचा आधार घेतात. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कामाविषयीच्या आपल्या परिपत्रकात शिकवले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत अशा प्रत्येकाने हे वाक्य मनात ठेवावे.

वृत्ती बदला असे सांगताना आम्ही एक सावधगिरी बाळगू इच्छितो. सगळेच दुःख वृत्तीतून येत नाही. गारपिटीने पीक झोपले, कांद्याचे भाव पडले, कंत्राटी कामगाराला महिन्याच्या शेवटी नको म्हणून सांगितले, तर त्याला नुसते "चांगला विचार कर" म्हणणे हे उपाशी माणसाला भुकेवर प्रवचन देण्यासारखे आहे. देवदूताने आधी भाकर दिली. आपणही आधी विचारावे, घरात दाणा आहे का, पोरांची फी भरली का, अडलेला कागद कोणता.

मित्र ही देवाची भाकर

होरेबावर देवाने एलियाला विचारले की तू येथे काय करतोस. एलियाने उत्तर दिले की मी एकटाच उरलो आहे. देवाने त्याची समजूत दोन प्रकारे घातली. त्याने सांगितले की बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत. म्हणजे तू एकटा नाहीस. आणि त्याने त्याला एक सोबती दिला, अलीशा. हा अलीशा शेतकरी होता. एलिया त्याला भेटला तेव्हा रानात बैलांच्या बारा जोड्यांनी नांगरट चालली होती. देवाने एलियाचे काम काढून घेतले नाही. त्याच्या कामाला दुसरा खांदा दिला.

आपल्या छत्रपती संभाजीनगरचे कॅथेड्रल ज्या संतांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स यांनाही हे झुडूप ठाऊक होते. विद्यार्थीदशेत, १५८६-८७ च्या सुमारास, पॅरिसमध्ये असताना आपला नाश ठरलेलाच आहे या भयाने ते सुमारे सहा आठवडे ग्रासले होते. अन्न जाईना, झोप लागेना. पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करताना ते ओझे उतरले. पुढे हेच संत लोकांचे प्रेमळ मार्गदर्शक झाले, आणि १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनावरील आपल्या ग्रंथात त्यांनी मैत्रीला कित्येक प्रकरणे दिली. मठात राहणाऱ्यांची वाट सपाट असते, प्रपंचात राहणाऱ्यांची निसरडी; निसरड्या वाटेवर चालणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरावेत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून चाललेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात हा विचार प्रत्यक्षात आला. २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने तेथील ४१ गावांत 'आत्मीयता' हा उपक्रम चालवला. डॉक्टर गावोगाव पाठवणे शक्य नव्हते. म्हणून गावातीलच विश्वासाची माणसे निवडली. काही जण 'आत्मीयता मित्र' झाले. कोण अबोल झाला, कोणाचे खाणेपिणे सुटले, कोण दारूत बुडत चालला यावर ते मायेने लक्ष ठेवत. ज्यांना अधिक प्रशिक्षण दिले होते ते अशा माणसाला पुन्हा पुन्हा भेटून त्याचे ऐकून घेत, अडचणीचे लहान तुकडे करून एकेक सोडवायला मदत करत, सरकारी योजनेचा लाभ मिळवून देत आणि आजार मोठा दिसला तर दवाखान्यात पाठवत. पुढे हाच उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत नेला गेला आणि तेथील अभ्यासातही लोकांचा त्रास कमी झाल्याचे दिसून आले. साध्या गावकऱ्यांनी केलेले हे देवदूताचेच काम नव्हे काय?

मनाचा आजार म्हणजे पाप नव्हे

मैत्रीला मर्यादाही असते. काही वेळा थकवा विश्रांतीने जात नाही. दोन-दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते. हा आजार आहे, आणि त्याला औषध आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशात दर शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना काही ना काही मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचारापर्यंत पोचलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार खिन्नता आणि चिंता या दोन विकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. त्या दिवसांमागे कोणाचा तरी बुडालेला रोज आहे, कोणाच्या तरी घरची अडलेली चूल आहे.

येथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. अशी माणसे आमच्याकडे आली तेव्हा "प्रार्थना कमी पडते" असे आम्हीही कधी म्हटलेले आहे. ते आमचे चुकले. पाय मोडलेल्याला आपण रोझरीबरोबर प्लास्टरही घालतो. मग मन मोडलेल्याला नुसती रोझरी का द्यावी? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये उघडपणे सांगितले की वयाच्या ४२ व्या वर्षी, अर्जेंटिनात असताना, ते सहा महिने दर आठवड्याला एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी खिन्नतेने आणि कामाच्या ताणाने खचलेल्यांसाठी जगभरच्या ख्रिस्तसभेला प्रार्थना करायला सांगितले. पोपमहाशयांना ज्याची लाज वाटली नाही, त्याची लाज आपण का बाळगावी?

आणि ज्या घरातून कोणी स्वतःचा जीव देऊन निघून गेले आहे त्या घराला आम्ही हात जोडून सांगतो, तुमच्या माणसाला देवाच्या दयेबाहेर समजू नका. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात म्हटले आहे की तीव्र मानसिक क्लेशाने माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र तणावात होता असे मानून त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यावेत असे ठरवले आहे. कायदा एवढा मऊ झाला, तर आपली जीभ का कठोर राहावी?

या आठवड्यासाठी

१. आपल्या कामावरचा किंवा वस्तीतला जो माणूस अलीकडे गप्प झाला आहे त्याच्याकडे जा. उपदेश करू नका. बरोबर जेवा, त्याचे ऐका. एकदा जाऊन थांबू नका. देवदूतही दोनदा आला.

२. कामावर एक दिवस ठरवून कोणाची निंदा करू नका आणि दुसऱ्याने केली तर तिच्यात भर घालू नका. हाताखालच्या माणसाची चूक दाखवायची असेल तर बाजूला घेऊन दाखवा.

३. मन फार जड झाले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. शहरात घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. एकट्याने जायचे धाडस होत नसेल तर आम्हांला सांगा, आम्ही बरोबर येऊ.

४. चालू असलेली गोळी आपल्या मनाने किंवा कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.

प्रिय भाविकहो, मिस्सामध्ये प्रभू आपल्याला भाकर देतो ती आपण वेदीपाशीच ठेवून जावी म्हणून नव्हे. आज आपण ती घेऊन बाहेर पडू तेव्हा वाटेत कोणीतरी झुडपाखाली पडलेला असेल. कदाचित तो आपल्याच घरात असेल. कदाचित तो आपण स्वतः असू. त्याला उठवताना हात हलका ठेवू या.

हे प्रभो, नाझरेथच्या सुताराच्या घरी तू घाम गाळलास, गेथशेमानीच्या बागेत तुझेही मन खिन्न झाले आणि तूही मित्रांना जागे राहण्याची विनंती केलीस. आमच्या गावातील थकलेल्या हातांना विसावा दे, खचलेल्या मनांना सोबती दे आणि तो सोबती होण्यास आम्हांला लाजू देऊ नकोस. आमेन.