गोधडीतला बर्फ

आपल्याला ठाऊक असलेलं उत्तर लेकरापासून राखून ठेवावं का? हा प्रश्न मला पडला तो आमच्या गावच्या अंगणवाडीत, बर्फापायी.

मार्चातलं ऊन होतं. ताईंनी आदल्या सांजेला वाट्यांत पाणी घालून, त्यात चिंचोके नि झेंडूच्या पाकळ्या टाकून बर्फ जमवला होता. नातीला सोडायला गेलेला मी तिथंच पायरीवर टेकलो. चार-पाच वर्षांची पोरं. कुणी चिंचोका सुटावा म्हणून फुंकर घालतंय, कुणी खडेमीठ टाकून बर्फाला खळगे पडताना बघतंय, कुणी मूठ झटकून ओरडतंय, "चावतोय गं हा!"

मग ताईंनी दोन सारखे खडे घेतले. एक ताटलीत उघडा ठेवला, दुसरा जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळला. "आधी कोणता इरघळंल?"

"गोधडीतला!" सगळी एका सुरात.

"का रं?"

"गोधडीत गरम हुतंय न्हवं!"

ताई नुसतं "बघू" म्हणाल्या. माझ्याशेजारी बसलेल्या गृहस्थांना राहवेना. "अहो, चुकीचं बोलतायत पोरं. माहीत असून गप्प बसायचं म्हणजे फसवणूकच की."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. मोटारीच्या पेटीला ओला हात लावणाऱ्या पोराला, फवारणीच्या डब्याशी खेळणाऱ्या पोराला 'बघू' म्हणणारा माणूस गुन्हेगारच. तिथं आधी हात धरायचा, कारण मागनं सांगायचं. पण बर्फाचं तसं नाही. चूक झाली तर जाणार काय? वाटीभर पाणी. सांगायचं की थांबायचं, हे त्या चुकीची किंमत बघून ठरवावं, असं मला वाटतं.

शिवाय पोरांचं उत्तर चुकीचं असलं तरी हवेतलं नव्हतं. थंडीत गोधडीत शिरलं की ऊब येते, हे त्यांनी अंगानं अनुभवलेलं. त्यावरनं त्यांनी आपल्या अकलेनं हिशोब मांडला होता. आपण बरोबर उत्तर सांगून टाकलं, तर लेकरू स्वतःचं टाकून आपलं उसनं घेतं. उसन्या पिठाची भाकरी एक वेळ होते, रोज होत नाही.

खाऊ होईस्तोवर ताटलीत पाणी झालं. गोधडी उलगडली, तर आत खडा शाबूत, थोडा झिजलेला. पोरं गप्प. एका पोरीनं गोधडी गालाला लावली नि म्हणाली, "ही तर गारच हाय. मग आपल्याला गरम कोण करतं?"

गोधडीला स्वतःची ऊब नसतेच. तिच्या थरांत अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरची आतही येऊ देत नाही. बर्फवाला लादी भुशात नि गोणपाटात ठेवतो ते याच कारणानं. पण हे सगळं त्या पोरीच्या प्रश्नानंतर सांगण्यात अर्थ. आधी सांगितलं असतं तर प्रश्नच उगवला नसता.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली, पुढं काम कोसबाडला नेलं. महागडी साधनं नकोत, गावात मिळतं त्यावरच लेकरू शिकतं, हे त्यांनी करून दाखवलं. गोधडीचा तुकडा त्याच वाटेवरचा.

आम्हा शेतकऱ्यांना चूक फार महाग पडते. पावसाचा अंदाज हुकला की दुबार पेरणी, बियाणं फसवं निघालं की अख्खा हंगाम गेला. बर्फाच्या खड्याएवढ्या किमतीत चुकायला मिळतं ते वय थोडंच. पुढं वहीवर फुली बसायला लागते, आणि लेकरू बोलायच्या आधी मास्तरांच्या तोंडाकडं बघायला शिकतं. तेच मोठं होऊन रोगट पान घेऊन दुकानात जातं, नि दुकानदार देईल ती बाटली पिकावर मारतं. पान उलटं करून किडा कोणता, हे बघायची त्याला सवयच लागलेली नसते.