फसलेल्या कामांची वही

गोष्ट टाकवे बुद्रुकच्या एका मुलीची आहे, आणि थोडी तिच्या कॉलेजच्या अध्यक्षाचीही. ती विद्यार्थी मंडळाची सचिव, तो अध्यक्ष. दोघंही मतं मागून आलेले नव्हते. महाराष्ट्रात 1994च्या कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका थांबल्या आणि मार्कांवर नेमणुका सुरू झाल्या. 2016च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आल्या खऱ्या, पण कागदावर. 2019मध्ये त्या होणार होणार म्हणता पुढं ढकलल्या गेल्या. तेव्हा हे दोघं मार्कांचे मानकरी. अध्यक्षाला मात्र बोलायची हौस दांडगी. मत नसलं तरी भाषण ठोकणारच.

मंडळाच्या हातात त्या वर्षी एकच खरं काम होतं. शेवटचं प्रॅक्टिकल संपवून पोरं तळेगावला लोकल धरायची, वडगाव मागं टाकून कान्ह्याला उतरायची, आणि फाट्यावर पळत येईपर्यंत अंदर मावळात जाणारी संध्याकाळची एसटी गाडी निघून गेलेली असायची. टाकव्यापर्यंत जीप सहज मिळते. पुढं सावळे, कुसूर, ठोकळवाडी धरणाच्या पाण्याकडेनं थेट खांडी. तिथल्या मुलींच्या घरी मग एकच बोलणं व्हायचं, की बास झालं शिक्षण. अध्यक्षानं जुलैत आगाराला निवेदन दिलं, देतानाचा फोटो काढला, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवला. गाडी होती त्याच वेळेला सुटत राहिली.

पुढं दोघांना पुण्याला भारतीय छात्र संसदेला जायची संधी मिळाली. कोथरूडच्या एमआयटीत 2011पासून ती भरते आणि देशभरातले विद्यार्थी प्रतिनिधी येतात. अध्यक्ष पुढच्या रांगेत बसून वक्त्यांची टाळ्यांची वाक्यं टिपत होता. जेवणाच्या वेळी त्याला दिल्लीचा एक पदाधिकारी भेटला. लिंगडोह समितीनं 2006मध्ये उमेदवाराला 5,000 रुपयांची खर्चमर्यादा घातली, तिचा विषय निघाल्यावर तो नुसता हसला. अध्यक्ष त्याच्यावर बेहद्द खूश.

सचिवाची गाठ भाताच्या रांगेत पडली. पुढं केरळातल्या पालक्काडची मुलगी उभी होती, तिथल्या एका कॉलेजच्या युनियनची सेक्रेटरी. ताटातला पांढरा भात बघून तिनं नाक मुरडलं. तिच्याकडचा मट्टा तांदूळ लालसर आणि जाड. टाकव्याच्या पोरीला हे कसं सोसावं? तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत इंद्रायणीची बाजू घेतली: आमच्याच वडगावच्या संशोधन केंद्राचं वाण, 1987चं, शिजताना शेजारच्या घरापर्यंत वास जातो.

"आणि पुढच्या वर्षाचं बियाणं?"

"ते झोडणी झाली की आधीच बाजूला काढतात. खायचं, विकायचं ते त्यानंतर."

"तुझ्या मंडळाचं बियाणं कुठं ठेवतेस?"

सचिव गप्प. मागच्या वर्षी मंडळात कोण होतं हेच तिला धड सांगता येईना. पालक्काडच्या पोरीनं मोबाइलमध्ये काही फोटो दाखवले. शंभर पानी वही, पानापानावर वेगळं अक्षर, सगळं मल्याळममध्ये. कोणाला भेटलो, कधी भेटलो, काय उत्तर मिळालं. तिनं बोटानं दाखवलं: जमलेलं काम दोन ओळींत, फसलेलं दोन पानांत.

"जमलेलं सगळ्यांना दिसतंच," ती म्हणाली. "ते कशाला लिहायचं?"

परत आल्यावर सचिवानं तशीच वही आणली, अध्यक्षानंही मान डोलावली. पहिलं पान त्यानंच लिहिलं: ठळक अक्षरात 'आमची वर्षभरातील उल्लेखनीय कामगिरी', खाली निवेदनाची तारीख. सचिव ते पान उलटून आगारात गेली. तिथल्या बाबूंनी तिचं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि तीन निवेदनं टेबलावर पसरली. तीन वर्षांची, तीन अध्यक्षांच्या सह्यांची, मजकूर जवळपास एकच. सगळी जुलैतली.

"तुमच्याकडं वही नसेल बाई, आमच्याकडं फाईल आहे," ते म्हणाले. "जूनच्या आधी वेळापत्रक बसतं, त्याच्यानंतर तुम्ही येता. आणि 'असंख्य विद्यार्थी' म्हणजे किती? गाववार आकडा आणा. पास काढलेल्यांची नावं लिहून आणा."

रागावण्याजोगं बोलणं होतं, पण त्यात तक्रारीला जागा नव्हती. विद्यार्थी पासावर एसटी एक तृतीयांशच भाडं घेते. म्हणजे पास काढणाऱ्या प्रत्येकाची नोंद कुठं तरी असतेच. ती मागायचं तीन वर्षांत एकालाही सुचलं नव्हतं. सचिव दोन-चार संध्याकाळी फाट्यावर थांबली, जीपमधून पुढच्या गावांत गेली, यादी केली. वहीत दोन पानं भरली: जुलैत जाऊ नये. 'असंख्य' लिहू नये. याआधी तिघं असंच करून बसलेत.

अध्यक्षानं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे कशाला? लोक काय म्हणतील, फोटो काढायला गेले होते?"

"गेलोच होतो की."

ते वर्ष तसंच संपलं. मंडळ बदललं आणि सचिवपदी नेमका तो मुलगा आला, ज्यानं गॅदरिंगच्या मांडवाच्या खर्चावरून अध्यक्षाला भर सभेत धारेवर धरलं होतं. अध्यक्षानं निरोप धाडला, वही त्याला द्यायची नाही, आपली मेहनत आहे ती. (मंडळं बुडतात ती पैशानं कमी आणि असल्या निरोपांनी जास्त, असं माझं मत.) सचिवानं एप्रिलच्या शेवटी वही नेऊन त्या पोराच्या हातात ठेवली. सोबत यादीही दिली.

जूनमध्ये गाडी वीस मिनिटं उशिरा सुटू लागली. नव्या सचिवानं मे महिन्यातच कागद नेले होते. बाबूंनी म्हणे ते वाचले आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढं केली.

पावसाळ्यात तो वही घेऊन टाकव्याला आला. सोबत कॉलेज सोडलेला अध्यक्षही होता. फाट्यावर गाठ पडली, दोघं एकाच जीपमधून आले होते आणि वाटेत एकमेकांशी फारसे बोलले नव्हते. नव्या सचिवानं वही उघडून जुन्या सचिवापुढं धरली. तिच्या यादीवर लाल पेनानं खुणा होत्या.

"ताई, सावळ्याची पाच पोरं तुम्ही धरलीच नव्हती. ती जीपनं येत नाहीत, चालत येतात. मी घातली. आणि हे पहिलं पान," त्यानं 'उल्लेखनीय कामगिरी'वर बोट ठेवलं, "हे फाडू का?"

अध्यक्षानं वही ओढून घेतली. भांडण होणार म्हणून सचिवाची आई आतून बाहेर आली. त्यानं आपलं पान एकदा वाचलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि लाल पेन मागून घेतला.

"गॅदरिंगचं पान कुठलं?"

"नाहीये."

"मग काढ एक," म्हणाला, आणि मांडी घालून लिहायला बसला: मांडववाल्याला सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत.