सोशिकपणा कुणाच्या खिशातला?

गल्ल्यामागच्या भिंतीवर ‘ग्राहक देवो भव’ ही पाटी अनेक दुकानांत दिसते. तिचा घाट तैत्तिरीय उपनिषदातला, पण शिक्षावल्लीत देव मानायला सांगितले आहे ते आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना. ग्राहक त्यांत नाही, आणि हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. अतिथीशी हिशेब नसतो. गिऱ्हाइकाशी व्यवहार ठरलेला असतो, आणि व्यवहारात शब्द दोघांनी पाळायचा असतो. कायदाही तेच सांगतो: २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार करूनही ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत.

एखादा छोटा छापखाना डोळ्यांसमोर आणा. एक गिऱ्हाईक सात वेळा प्रूफ बदलते. ते चिकित्सक असेल, त्यात गैर काही नाही. अशांमुळेच काम सुधारते. दुसरे मात्र सही केलेल्या प्रूफातली चूक छपाईनंतर छापखान्याच्या माथी मारते, मागचे बिल थकवते आणि डीटीपी करणाऱ्या मुलीवर सगळ्यांदेखत खेकसते. मालक हसून घेतो आणि त्याला क्षमा म्हणतो. पण त्या क्षमेची किंमत चुकवतो कोण? अपमान त्या मुलीचा होतो, पगार कामगारांचा लांबतो, आणि वेळेवर पैसे देणाऱ्याचे काम मागे पडते. सोशिकपणा हा गुण खरा, पण तो स्वतःच्या खिशातून खर्चला तरच. तो दुसऱ्यांच्या खिशातून जात असेल, तर असे गिऱ्हाईक तोडावे.

यावर कुणी तुकोबांचा दाखला देईल: त्यांनी तर कर्जखतेच इंद्रायणीत बुडवली. पण परंपरेने जपलेली ती कथा पुरती ऐकावी. निम्मी खते त्यांनी आधी भावाला, कान्होबाला दिली आणि बुडवली ती आपल्या वाट्याची. वैराग्य त्यांचे होते, म्हणून तोटाही त्यांनी आपल्यापुरताच ठेवला.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. निम्मा धंदा त्या एकाच गिऱ्हाइकावर चालत असेल, तर ते तोडायचे कसे? लगेच तोडूही नये. कामगारांची चूल त्याच पैशावर पेटते. मात्र अशा वेळी आपल्या गरजेला क्षमेचे नाव देऊ नये. गरज ही गरज म्हणून कबूल केली, की ॲडव्हान्स घेतल्याशिवाय नवे काम न धरणे आणि दुसरी गिऱ्हाइके जोडत जाणे, ही वाट सुचू लागते. तिसरा आक्षेप अधिक बारीक आहे: हा निर्णय अहंकाराचा नसेल कशावरून? त्याची पारख तोडण्याच्या रीतीत होते. हातातले काम नीट पुरे करावे, गिऱ्हाइकाचा मजकूर आणि उरलेला ॲडव्हान्स परत करावा, बाजारात त्याची निंदा करू नये. एवढे करूनही जिवाला चुटपूट लागली, तर तोडले ते धंद्यासाठी नव्हे, सुडासाठी, असे समजावे.