वर चढतलो कोण?

गेल्या मे महिन्यात मी दोन आठवडे एक शिडी निवडत होतो. घराची नाही, गाडीची. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड थार घेतली, तेव्हापासून तिच्या मागच्या दाराला शिडी हवी असं डोक्यात होतं. तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. काळी, पावडर कोटिंग केलेली, स्टेपनीच्या शेजारी बसणारी, चार-पाच पायऱ्यांची. ती लावली की गाडी नुकतीच जंगलातून आल्यासारखी दिसते. माझी गाडी नांदगाव तिठ्यावरून कणकवलीला जाते आणि परत येते. मधला हायवे चौपदरी आहे.

कणकवलीतल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन शिड्या होत्या. एक साडेचार हजारांची, दुसरी अकरा हजारांची. दिसायला सारख्याच. फरक विचारला, तर दुकानातला पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "दादा, ही चढूक नाय. ही लूकसाठी."

मी साडेचार हजारांची घ्यायचं ठरवलं. साधा हिशोब होता. माझ्या छतावर कॅरियरच नाही. वर जाऊन मी करणार काय? जी वस्तू वापरायचीच नाही, ती मजबूत असण्याचे साडेसहा हजार कशाला मोजायचे? घरी येऊन बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून जोड बघितले आणि विचारलं, "हेच्यार चढतलो कोण?"

"कोणी नाही. शोची आहे."

"मगे शिडी कित्याक म्हणतस तिका?"

प्रश्न तेवढाच होता, पण तो मला काही सोडेना.

आधी स्वतःचीच बाजू मांडून बघितली. आपण वापरणार नाही अशा क्षमतेच्या वस्तू आपण रोज विकत घेतो. दोनशे मीटर पाण्याखाली चालणारं घड्याळ घालून लोक वॉश बेसिनपलीकडे जात नाहीत. फोर बाय फोरचा लीव्हर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. यात थोडी हौस आहे, थोडा दिखावा आहे, पण खोटं काही नाही. ते घड्याळ खरोखर दोनशे मीटर खाली जाऊ शकतं. न वापरलेली क्षमता वेगळी आणि नसलेल्या क्षमतेचं सोंग वेगळं.

बरं, सोंगही प्रत्येक वेळी वाईट नसतं. बॉनेटवर हवा आत न घेणारे नकली स्कूप चिकटवतात, लाकूड नसलेल्या डॅशबोर्डवर लाकडाची नक्षी असते. हे डोळ्यांना फसवतं आणि डोळ्यांचं त्यात काही बिघडत नाही. शिडीचं तसं नाही. शिडी पायाला काहीतरी सांगते. जेम्स गिब्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ च्या आपल्या पुस्तकात यावर सविस्तर लिहिलंय. वस्तू आपल्याला नुसती दिसत नाही, तिचं काय करता येईल तेही दिसतं. खुर्ची दिसते म्हणजे बसण्याची जागा दिसते. तो याला 'अफोर्डन्स' म्हणतो. आडवी पट्टी, वर अजून एक, त्याच्या वर अजून एक, हे दिसलं की पाय आपोआप उचलला जातो. त्यासाठी वाचता यावं लागत नाही. म्हणूनच 'चढू नये' असा स्टिकर लावायची माझी आयडियाही बाद झाली.

चढणारा मी नसेन, हे खरं. पण आंगणेवाडीच्या जत्रेला गाडी कुठेतरी शेतात लावलेली असते. परतायला दोन-तीन तास लागतात. गर्दीत काही दिसत नाही म्हणून कुणाचं तरी सात-आठ वर्षांचं पोर त्या शिडीवर चढणार. त्याला दुकानातल्या पोराने काही सांगितलेलं नाही. मला सांगितलंय.

हे सगळं मी बाबांना ऐकवत होतो, जरा फुशारकीनेच. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्या जीपची गोष्ट सांगितली. जीप होती हे मला माहीत होतं, मी लहान असताना ते तिठ्यावरून देवगडच्या बाजूला प्रवासी भरायचे. तिच्या मागच्या शिडीबद्दल मात्र कधीच बोलले नव्हते.

त्या काळी इकडे गाडीच्या मागे शिडी म्हणजे कामाचीच गोष्ट. एसटीच्या मागेही असायची. टपावर आंब्याच्या पेट्या, तांदळाची पोती, कोंबड्यांची खुराडी, चाकरमान्यांच्या ट्रंका चढायच्या. चढायचा हमाल किंवा क्लीनर. मालक खाली उभा राहून "सांभाळून रे" म्हणायचा. (आज मालक स्वतःच्या पैशाने शिडी लावतो, ती आपण चढणाऱ्यांपैकी वाटावं म्हणून. काळ बदलला म्हणतात तो असा.)

बाबांच्या जीपची शिडी स्थानिक वेल्डरकडून करून घेतलेली होती. एका हंगामात खालून तिसऱ्या पायरीचा टाका एका बाजूने सुटला. बाबांना माहीत होतं. तिठ्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. त्या पायरीवर कुणी पाय देत नसे, दुसरीवरून थेट चौथीवर. मोसम चालू होता, गाडी एक दिवस उभी ठेवली तर त्या दिवसाचं भाडं जाणार. पाऊस पडला की करू, असं ठरलं. मेच्या शेवटी नवीन क्लीनर आला, वय सतरा. दुसऱ्या दिवशी पेटी खांद्यावर घेऊन तो तिसऱ्या पायरीवर चढला.

टाच मोडली. ती नीट जुळली नाही. तो आजही लंगडतो. गावात आम्ही त्याला काका म्हणतो आणि तो लंगडतो याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

"त्येका सांगूचा रवान गेला," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रवान गेला नाय. सगळ्यांका म्हायत आसा, मगे त्येकाय म्हायत आसतला, असा वाटला."

माझ्या हिशोबातली चूक मला तेव्हा दिसली. मी धरून चाललो होतो की शिडी कच्ची आहे हे मला माहीत आहे, म्हणजे कुणाची फसवणूक होत नाही. पण मालकाला माहीत असणं आणि शिडीवर पाय ठेवणाऱ्याला माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोटेपणा तिथे मधे असतो. मी स्वतः त्या शिडीपासून कितीही जपून राहिलो, तरी शिडी माझ्याशी बोलतच नव्हती.

विट्गेनश्टाइनच्या १९२१ सालच्या 'ट्रॅक्टेटस'च्या शेवटाकडे शिडी येते. माझी वाक्यं शिडीसारखी वापरा, वर पोहोचलात की शिडी टाकून द्या, असा त्याचा रोख. कॉलेजात असताना हे मला फार भारी वाटायचं. आता वाटतं, त्या शिडीवर एकच माणूस चढतो, आणि वर गेल्यावर त्याच्या मागून कुणी येत नाही. गाडीची शिडी टाकून देता येत नाही. आपण उतरल्यावरही ती रस्त्यावर सगळ्यांसमोर उभी असते.

मग अकरा हजारांची घ्यावी का? इथे मी खरोखर अडकलो, कारण तीसुद्धा पूर्ण खरी नव्हती. जुन्या जीपची शिडी वर छताच्या कडेला आणि खाली बंपरला धरलेली असायची, वजन बॉडीवर जायचं. आजची शिडी दारावर बसते. थारचं मागचं दार बाजूला उघडतं आणि त्याच्यावर आधीच स्टेपनी लटकलेली असते. दार बंद असताना बिजागऱ्यांबरोबर लॅचही भार घेतो. उघड्या दारावर कुणी चढलं तर सगळा भार बिजागऱ्यांवर. शिवाय सत्तर किलोचा माणूस पाय रोवून वर उसळतो तेव्हा झटका सत्तर किलोपेक्षा जास्त असतो. ज्या गाड्यांचं मागचं दार वर उघडतं, त्यांच्या गॅसच्या दांड्या त्या दाराच्या वजनाला बेतलेल्या असतात. शिडीचे चार-पाच किलो वाढले की कधीतरी दार डोक्यावर येतं.

आणि गंज. मालवण-देवगडच्या खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही तपकिरी डाग पडतात, ३१६ ग्रेडचं जास्त टिकतं. साध्या लोखंडाच्या पाइपला भोक पाडलं की पाणी आत जातं आणि पाइप आतून खातो. बाहेरचा काळा रंग तसाच तुकतुकीत. म्हणजे आज खरी असलेली शिडी चार पावसाळ्यांत, मला न सांगता, खोटी होऊ शकते. खरी शिडी घेणं म्हणजे दरवर्षी पावसाळ्यानंतर ती स्वतःच्या वजनाने तपासायची जबाबदारी घेणं. ही अट कुठल्याच बॉक्सवर छापलेली नसते.

मित्रांचं म्हणणं, किती विचार करतोस, ॲक्सेसरीच तर आहे. बुल बारसुद्धा ॲक्सेसरीच होता. तो पायी चालणाऱ्याला जास्त जखमी करतो आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. तिथेही लूक एकाचा आणि हाडं दुसऱ्याची. धावत्या गाडीच्या टपावर किंवा पायरीवर माणूस नेऊ नये, हे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ मध्ये १९८८ पासून आहे. आमच्या तिठ्यावर ते कलम पोहोचायला जरा वेळ लागला.

ज्याला टपावर तंबू किंवा सामान खरोखर न्यायचंय, त्याने कॅरियर बसवावा, शिडीचा भार कुठे जातो ते फॅब्रिकेटरला विचारावं, तिच्यामागे नंबर प्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना ते बघावं, आणि पैसे मोजावेत. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट थोडा हेवाच वाटतो. माझ्याकडे वर न्यायला काही नव्हतं.

शेवटी मी घडीची ॲल्युमिनियमची शिडी आणली. मागच्या सीटमागे मावते, कौलं शाकारायला आणि आंब्यालाही चालते. लूक गेला तो गेला. अंगणात ती उघडून भिंतीला लावली आणि चढणार, तेवढ्यात बाबांनी मला हाताने बाजूला केलं. ते एरवी गुडघ्यांमुळे घराच्या पायरीलाही भिंत धरतात. त्यांनी चप्पल काढली, तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला, दोनदा दाबून बघितला. मग चौथीवर. मग खाली उतरले.

"आता चढ," म्हणाले.